‘स्टिरॉइड’ कोणते, तेही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतला स्टिरॉइडवरचा पानभर लेख वाचला. पीळदार दंडांच्या हव्यासापायी व्यायामशाळेतली तरुण मुले कोणकोणत्या सुया टोचून घेतात आणि पुढे त्यांच्या यकृताचे, हृदयाचे, मूत्रपिंडांचे काय होते, हे लेखकाने पोटतिडकीने मांडले आहे. त्यातली माहिती खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार मथळ्याविषयी आहे. मथळ्यात एक शब्द ‘स्टिरॉइड’ आणि दुसरा ‘विष’. कोणते स्टिरॉइड, हे मथळ्यात नाही, पहिल्या परिच्छेदात नाही आणि लेख संपेपर्यंत कुठेच नाही.

मी आपल्या या सदरात अधूनमधून लिहितो. बहुतेक पत्रे आकड्यांच्या चुकांवर असतात. उभा जन्म हिशेबनीस म्हणून गेला, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेलेली दिसली की हात शिवशिवतात. आजच्या पत्रात मात्र चूक आपली थोडी आणि माझी जास्त आहे. म्हणूनच लिहायला चार दिवस लागले.

माझ्या नातवाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. आता तो साडेपाच वर्षांचा आहे. निदान झाले तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. बहुतेक मुलांमध्ये हा आजार दोन ते सहा वर्षांच्या वयात उपटतो. मूत्रपिंडाची चाळणी ढिली पडते आणि रक्तातले प्रथिन, अल्ब्युमिन, लघवीवाटे निघून जाते. रक्तात ते कमी झाले की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, बाहेर झिरपते आणि अंगावर सूज येते. आज हे मी असे घडाघडा लिहितो आहे, पण तेव्हा मला मूत्रपिंडे दोन असतात यापलीकडे काही माहीत नव्हते.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सकाळी उठला की पापण्या फुगलेल्या, डोळे बारीक झालेले, आणि दुपारपर्यंत सगळे ओसरलेले. त्यामुळे संध्याकाळी डॉक्टरांकडे नेले की दाखवायला काही नसायचे. एका दवाखान्यात ॲलर्जी म्हणून डोळ्यांत घालायचे थेंब दिले. आठवडाभर घातले. त्याच आठवड्यात घरी येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याचा गाल ओढून म्हटले, ‘‘काय गुटगुटीत झालाय हो!’’ आणि आजोबा म्हणून मला बरेही वाटले, कारण पोर जन्मापासून किरकोळ अंगाचे. मग एके दिवशी शाळेतून आल्यावर सुनेने त्याचे मोजे काढले. मोज्याच्या वरच्या कडेचा चर पायात इतका खोल रुतला होता की त्यात माझ्या करंगळीचे नख आडवे बसले. तिने नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. आम्ही दोघे त्या खळग्याकडे बघत बसलो आणि तो मधूनच विचारत होता, ‘‘अजून एक कर ना.’’

दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी लघवी तपासायला पाठवली. लघवीला फेस येतो का, असे विचारले. येत होता, साबणाच्या पाण्यासारखा येत होता, आणि तो कुणाच्या नजरेला पडला नाही असेही नाही. पण फेसाचा आणि डोळ्यांचा संबंध कोण लावणार? पुढे एकदा डॉक्टरबाईंनी सांगितले की प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या सूत्रांमध्येही हे आहे: लघवीवर बुडबुडे राहिले तर विकार मूत्रपिंडाचा आणि दुखणे लांबणारे. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे आणि आम्ही आठवडाभर डोळ्यांत थेंब घालत होतो. आपल्या आरोग्यविषयक पानात कधी चौकोनभर जागा उरली, तर एवढेच छापावे: लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचे काम असते.

उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन, हेही एक स्टिरॉइडच. दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, रोज सकाळी, काही खाल्ल्यावर, सहा आठवडे. त्यानंतर मात्रा कमी करून एक दिवसाआड, आणखी सहा आठवडे. डॉक्टरबाईंनी कागदावर तारखा घालून दिल्या. मुलगा आणि सून दोघेही सकाळी लवकर बाहेर पडतात, तेव्हा गोळ्या देण्याचे काम माझ्याकडे आले. लघवी तपासून वहीत लिहिण्याचे कामही माझ्याकडेच. जमाखर्चाच्या माणसाला आणखी काय हवे? लांबोळकी वही घेतली, रकाने पाडले: तारीख, वजन, लघवी, गोळ्या, शेरा.

लघवी तपासण्याची कागदी पट्टी असते. तिच्या टोकाला पिवळा चौकोन. लघवीत बुडवायची आणि साठ सेकंद थांबायचे. पिवळा पिवळाच राहिला तर प्रथिन नाही. हिरवट झाला तर आहे, आणि जितका गडद हिरवा तितके अधिक. बाटलीवरच्या रंगांशी ताडून एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक असे लिहायचे. अधिकाचे चिन्ह बघून छाती धडधडावी, असा प्रसंग माझ्या नोकरीत कधी आला नव्हता. नातू साठपर्यंतचे आकडे शाळेत शिकला नाही, बाथरूमच्या दारात शिकला. एकोणतीसनंतर तो हटकून चाळीसवर जायचा आणि मी त्याला परत आणायचो, कारण दहा सेकंद लवकर वाचले तर रंग चुकतो.

मध्ये एकदा बाटलीचे झाकण माझ्याकडून उघडे राहिले आणि दमट हवेने सगळ्या पट्ट्या खराब झाल्या. तेव्हा डॉक्टरबाईंनी जुनी रीत शिकवली. काचेच्या नळीत थोडी लघवी घ्यायची, तिच्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. प्रथिन असेल तर पांढरट गढूळपणा येतो. तो किती, हे ठरवायचे कसे? तर नळीमागे छापील मजकूर धरायचा. नळीतून अक्षरे वाचता आली तर एक अधिक. अक्षरे लागत नाहीत, नुसत्या ओळी दिसतात, तर दोन अधिक. ओळीही दिसेनाशा झाल्या तर तीन, आणि दह्यासारखे गठ्ठे दिसले तर चार. मला ही रीत पट्टीपेक्षा आवडली, कारण तिच्यात वाचन आहे. आणि संपादक महोदय, नळीमागे रोज धरतो तो कागद आपल्या वर्तमानपत्राचा असतो. नातवाच्या मूत्रपिंडांची खबर गेली दोन वर्षे मी आपल्या अग्रलेखातून वाचतो आहे.

पहिल्या फेरीत दहाव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. सलग तीन दिवस निरंक आले की आजार आटोक्यात आला असे धरतात. या आजाराच्या दहातल्या आठ-नऊ मुलांना ही गोळी लागू पडते, त्यात आमचा आला. सूज उतरली, वजन अडीच किलोंनी घटले आणि पूर्वीचा किरकोळ पोरगा पुन्हा दिसला. पण चार-पाच दिवसच. कारण मग गोळीचा चेहरा आला.

हा चेहरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही. गाल दोन्हीकडून वर चढतात, हनुवटी गळ्यात बुडते, पोट पुढे येते, पाठीवर, कपाळावर बारीक लव उगवते. भूक अशी की पहाटे चारला उशाशी येऊन उभा राहायचा आणि काही न बोलता माझी चादर ओढायचा. आणि राग! पेन्सिलीचे टोक मोडले म्हणून त्याने दाराला इतक्या लाथा घातल्या की अंगठ्याचे नख फुटले. मग रक्त बघून स्वतःच घाबरला आणि रडत म्हणाला, ‘‘मी नाही केलं आजोबा, गोळीनं केलं.’’ कुणी तरी त्याच्या कानांवर तसे घातले असणार, मोठ्यांच्या बोलण्यातून उचलले असणार. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसले.

अशा आठवड्यात, चौथ्या आठवड्यात, आपल्या पुरवणीत स्टिरॉइडवरचा पहिला लेख आला. तेव्हाही मथळा आताच्यासारखाच. हाडे पोखरतात, वाढ खुंटते, स्वभाव चिडखोर होतो, मूत्रपिंडे निकामी होतात, असे एकाखाली एक छापलेले. मी ते वाचले आणि समोर नातू गाल फुगवून बसलेला. चिडखोर? आहे. वाढ? सुनेने कालच म्हटले होते की विजार आखूड होत नाही. आणि मूत्रपिंडांसाठी दिलेली गोळी मूत्रपिंडेच खाते, असे छापून आले आहे!

डॉक्टरबाईंना फोन करता आला असता. सुनेला विचारता आले असते. मी दोन्ही केले नाही, कारण छापील शब्दावर माझा आयुष्यभराचा विश्वास, आणि कारण मला वाटले की या तरुण मंडळींना कुणी तरी घाबरवले आहे, घरातल्या एका तरी माणसाने डोके ठिकाणावर ठेवले पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मी चारऐवजी दोन गोळ्या देऊ लागलो. उरलेल्या दोन जुन्या चेकबुकांच्या खणात टाकत गेलो. वहीत मात्र चार लिहिले. संपूर्ण नोकरीत मी खोटी नोंद केली नव्हती; ती पहिली, आणि लागोपाठ सहा दिवस.

सहाव्या दिवशी त्याला सर्दी झाली. आठव्या दिवशी पट्टी हिरवी. मधल्या सातव्या दिवशी सून नवी पाकिटे आणायला निघाली आणि मी तोंडातून बोलून गेलो, ‘‘अजून आहेत की.’’ ती थबकली. तारखांचा कागद तिच्याकडेही होता. तिने मनातल्या मनात हिशेब केला, माझ्या देखत केला, आणि तो जुळला नाही. मी खण उघडून दाखवला. बारा गोळ्या. ती रागावली असती तर सोपे गेले असते. तिने गोळ्या मोजून पाकिटात घातल्या, वही उघडली, सहा दिवसांच्या चारच्या आकड्यावर एकेक रेघ मारून वर दोन लिहिले आणि वही मिटून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. माझा हात पोचत नाही अशा.

पट्टी सलग तीन दिवस तीन अधिक आली. त्याला रिलॅप्स म्हणतात, म्हणजे आजार उलटणे. आमच्या घरात तो शब्द आता ताप-खोकल्यासारखा वापरला जातो. डॉक्टरबाईंसमोर मी स्वतः सगळे सांगितले. या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, सर्दीने रिलॅप्स येतोच, पुष्कळदा येतो. तुम्ही पूर्ण गोळ्या दिल्या असत्या तरी आला असता का, हे मला सांगता येणार नाही. घरच्यांनी या वाक्याचा आधार घेऊन मला दोषमुक्त केले आहे. मी तो आधार घेत नाही. ज्या हिशेबात आपणच खाडाखोड केली, त्यातली तूट कुणाच्या नावावर टाकायची, हे मला कळते.

मग त्यांनी मला अर्धा तास दिला, बाहेर रांग असताना. मी त्यांच्यापुढे आपला लेख ठेवला होता, घडी घालून नेला होता. त्यांनी वाचला आणि हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत लिहितो.

स्टिरॉइड हे एका औषधाचे नाव नाही. ते एका प्रकारच्या रासायनिक सांगाड्याचे नाव आहे: कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. या सांगाड्यावर निसर्गाने कितीतरी पदार्थ बांधले आहेत, कोलेस्टेरॉलही त्यातलेच. व्यायामशाळेतली सुई असते ती ॲनाबॉलिक स्टिरॉइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या जातकुळीची. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे शंभर मीटरचे सुवर्णपदक ज्याच्यापायी गेले ते स्टॅनोझोलॉल या घराण्यातले. नातवाची गोळी कॉर्टिकोस्टिरॉइड, मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी अधिवृक्क ग्रंथी असते तिच्या स्रावासारखी. ती दंड फुगवत नाही; उलट जास्त काळ घेतली तर स्नायू वाळवते. तिचे काम आहे शरीराची बिथरलेली संरक्षणव्यवस्था शांत करण्याचे. एकाच आडनावाची दोन घराणी. एकाच्या घरी खून झाला म्हणून दुसऱ्याच्या दारावर दगड मारायचे नसतात. (हा दाखला माझा, डॉक्टरबाईंचा नव्हे.)

या दुसऱ्या घराण्याचा इतिहास मी नंतर वाचून काढला. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर, २०२०च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवले की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. ती बातमी आपण पहिल्या पानावर घेतली होती. ते कात्रण माझ्याकडे आहे. डेक्सामेथासोन हे नातवाच्या गोळीचे सख्खे भावंड. त्या दिवशी मथळ्यात ‘जीवनदायी’ होते.

याचा अर्थ गोळी निरुपद्रवी आहे असा नाही, आणि तसे कुणी मला सांगितलेही नाही. हाडे, उंची, डोळ्यांत मोतीबिंदू, रक्तदाब, जंतुसंसर्ग: आपल्या लेखातल्या भीतींपैकी काही या गोळीलाही लागू आहेत. म्हणूनच प्रत्येक भेटीत त्याची उंची भिंतीवरच्या पट्टीला टाच लावून मोजतात, रक्तदाब बघतात, ठरावीक काळाने डोळे तपासतात. म्हणूनच मात्रा उतरत नेतात. पण ती उतरवायची रीत असते. बाहेरून गोळी मिळू लागली की शरीराची स्वतःची ग्रंथी काम सोडून झोपी जाते. काही आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद केली तर ग्रंथी जागी व्हायच्या आत मूल उलट्या, गळाठा, रक्तदाब उतरणे अशा संकटात सापडू शकते, आणि अशा वेळी जिवावर बेतू शकते. मी निम्मी केली होती. लेखाने आणखी घाबरलो असतो तर बंद केली असती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘आजोबा, आपल्याला खालीच उतरायचंय. पण जिन्यानं उतरायचं, खिडकीतून नाही.’’

मी एकटाच असा मूर्ख असतो तर हे पत्र लिहिले नसते. तपासणीच्या दिवशी बाकावर बसलेल्या पालकांशी बोलणे होते. एकीने मथळा वाचून मुलाचा दम्याचा रोजचा पंप बंद केला होता, कारण त्यात स्टिरॉइड आहे असे तिला कळले. असते त्यात, तेही कॉर्टिको, आणि ओढून घ्यायचे असल्यामुळे मात्रा अगदी थोडी. एकाच्या शेजाऱ्याने काढा दिला आणि सांगितले, हा सुरू करा आणि ते विष थांबवा. ‘ते विष’ हा शब्दप्रयोग शेजाऱ्याने कुठून आणला, हे मला ठाऊक नाही. पण मला जेथून मिळाला ते मी सांगितले.

अशा मुलाच्या आईबापांना कुणाचा ना कुणाचा सल्ला रोज मिळतो, हे आपल्या लेखकांनी ध्यानात घ्यावे. त्यांच्याजवळ स्वतःची भीती भरपूर शिल्लक असते. सून रात्री त्याच्या पोटावर हात ठेवून झोपते, कारण पोट दुखून ताप आला तर थांबायचे नसते, पोटातल्या पाण्याला जंतूंची लागण झालेली असू शकते. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर शाळेने त्याच दिवशी कळवावे म्हणून तिने बाईंना चिठ्ठी लिहून दिली आहे. मुलगा फारसे बोलत नाही. तो दर महिन्याला नातवाचे फोटो काढतो आणि गाल किती ओसरले ते जुन्या फोटोशी लावून बघतो, सगळे झोपल्यावर. शाळेत पोरे ‘फुगा’ म्हणत. एकदा नातवाने मला विचारले, फुगा फुटला की दुखते का? मी म्हटले, नाही, हवा हळूहळू जाते. बरोबर बोललो की चूक, कोण जाणे.

त्या पहिल्या रिलॅप्सनंतर आणखी दोन झाले. दोन्ही सर्दीवरून, गोळ्या पूर्ण असताना. आता लेव्हामिसोल नावाची दुसरी गोळी दिवसाआड चालू आहे, म्हणजे स्टिरॉइडची गरज कमी पडावी. गेले सात महिने वही स्वच्छ आहे. गोळी लागू पडणारी पुष्कळशी मुले वाढत्या वयात यातून बाहेर येतात असे सांगतात, मी त्यावर तारीख टाकलेली नाही.

आता मागणे. आपण खुलासा छापावा, असे मी दोन वर्षांपूर्वी लिहिले असते तर ते स्वतःची चूक झाकण्यासाठी झाले असते, म्हणून गप्प बसलो. पण गेल्या रविवारी तोच मथळा पुन्हा आला. व्यायामशाळेतल्या सुईविरुद्ध जरूर लिहा, आणखी कडक लिहा, पण तिचे पूर्ण नाव लिहा. ‘ॲनाबॉलिक’ हा शब्द मथळ्यात मावत नसेल तर अक्षर बारीक करा. आणि लेखाखाली, जाहिरातीच्या वर, एक ओळ टाका: डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची गोळी किंवा पंप हा लेख वाचून कमी किंवा बंद करू नये. ही ओळ दोन वर्षांपूर्वी तिथे असती तर मी ती वाचली असती. मी जाहिरातीसुद्धा वाचतो.

वही वरच्या फळीवर तीन आठवडे होती. मग एका सकाळी मी उठलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर होती, शेजारी गोळ्यांची डबी, आणि सून कामाला गेलेली. त्या दिवसाचा रकाना रिकामा ठेवलेला. त्याविषयी आम्ही आजवर बोललेलो नाही. मी शेऱ्यात एवढेच लिहिले: गोळ्या चार, माझ्या हाताने, बरोबर.

आपला नियमित वाचक,
एक आजोबा
(नाव व पत्ता सोबत दिला आहे; नातू शाळेत जातो म्हणून छापू नये.)

ता. क. – गेले दोन-तीन महिने आपल्या आतल्या पानांची छपाई फिकी येते आहे. स्वच्छ नळीतूनसुद्धा अक्षरे पुसट दिसतात आणि मला उगाच एक अधिक लिहावेसे वाटते. परवा त्यापायी तीनदा तपासले, नातू तीनदा साठपर्यंत मोजून कंटाळला. कृपया छापखान्याला सांगावे.